फाटकाशी उभा राहणारा माळी

सोमवार, १२ फेब्रुवारी १९९६. एस्पिता.

माळी आज पुन्हा न सांगता आला, म्हणून ही वही काढली. पस्तीस वर्षं शाळा तपासल्या. नोंद नसेल तर कुणावर ठपका ठेवता येत नाही, एवढं त्यातून कळलं आहे.

परिस्थिती अशी. मी आणि माझी धाकटी बहीण सुलेमा, दोघींनी हे घर ऑक्टोबरपासून भाड्याने घेतलं. सहा महिन्यांचा करार, मार्चअखेर संपतो. घर बैठं आहे, विहीर अंगणात आहे, आणि माझे गुडघे जिना मानत नाहीत. असं दुसरं घर या गावात रिकामं नाही. मी सगळं गाव पालथं घातलं आहे. म्हणून करार पुढे चालू राहणं भाग आहे. मालकीण मिर्नाबाई एरोसा मेरिदाला असतात. करारात एक कलम आहे: मागच्या अंगणातलं झावळ्यांचं छप्पर आणि त्याखालचे डंख नसलेल्या मधमाश्यांचे नऊ पोकळ ओंडके भाडेकरूंचे नाहीत. त्यांची आणि बागेची देखभाल मालकिणीचा माळी करील. तो कधी येईल हे लिहिलेलं नाही. सही करताना हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आज सोमवार, म्हणजे काळा घेवडा आणि डुकराचं मांस. आम्ही जेवत होतो. कडी वाजली नाही, हाक नाही. मान वर केली तर फाटकाबाहेर माळी, नसारिओमामा. कुपुल घराण्यातला सत्तरीचा माणूस, हॅट छातीशी धरून उभा.

"या ना मामा, आत या," सुलेमा म्हणाली.

ते आले नाहीत. आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"घरात सगळं ठीक ना, बाई?"

"ठीक नसायला काय झालं?"

"नाही, आपलं विचारलं."

"बागेत काम आहे का?"

"होतं," ते म्हणाले. "आज नाही करत."

आणि गेले. भर उन्हात तासभर चालत येऊन काम न करता परत जाणारा दुसरा माळी मी पाहिलेला नाही.

घरात बिनसलेलं काही नाही. शनिवारपासून मी सुलेमाशी कामापुरतं बोलते आहे एवढंच. शेजारच्या तिसिमीनचे गुरांच्या औषधांचे दुकानदार विल्बर्थ आल्कोसेर सुलेमाला भेटायला आले आणि ओसरीवर आठ वाजेपर्यंत बसले होते. विधुर आहेत, सभ्य आहेत, मला मान्य आहे. पण आठ म्हणजे आठ. यात भांडण कुठलं? पाच महिन्यांत या घरात एकदाही आवाज चढलेला नाही.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

माळ्याच्या भेटींची आठवून यादी केली. जानेवारीत सहा वेळा: दोनदा पहाटे, एकदा भर दुपारी सुलेमा झोपाळ्यात झोपलेली असताना, बाकी कधीही. वार जुळत नाहीत, तारखा जुळत नाहीत. सहापैकी दोनदा काम न करता परत.

मिर्नाबाईंना फोन केला. इकडे शाळेतल्या कुणालाही प्रोफेसर म्हणतात, तशा त्या मलाही म्हणतात. म्हटलं, "भाडेकरूला आधी कळवायची काही पद्धत असते."

"तो कळवून जात नाही, प्रोफेसर. माझ्या आजीलाही कळवत नसे."

"मग निदान वार ठरवून द्या."

"मी कोण ठरवणारी? आणि एक सांगते, राग मानू नका. करार वाढवायचा की नाही, हे मी त्याला विचारूनच ठरवणार आहे."

म्हणजे मेरिदातली शिकलेली बाई घराचा निर्णय माळ्यावर सोपवते. ठीक. तपासणी असेल तर आपण तयार असलं पाहिजे. बागेत बरंच तण माजलं आहे.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

सुलेमा बाजारात असताना विल्बर्थ आल्कोसेरांचा फोन आला. निरोप असा: रविवारी, पंचवीस तारखेला, त्यांची मुलगी येते आहे, तिची आणि सुलेमाची भेट व्हावी अशी इच्छा आहे, ते नऊ वाजल्यापासून तिसिमीनच्या बस स्टँडवर थांबतील. मी "बरं" म्हटलं.

सुलेमा आली तेव्हा हातात दोन भोपळे होते. ते उतरवून घेण्यात निरोप राहिला.

संध्याकाळी आठवण झाली होती. सांगितलं नाही. पंचावन्नाव्या वर्षी बाईने कुणाच्या मुलीपुढे परीक्षेला बसावं, हे मला योग्य वाटत नाही. शिवाय आईच्या आजारपणानंतर तिची तब्येत नाजूक आहे.

बुधवार, २१ फेब्रुवारी. राखेचा बुधवार.

दोन दिवस खपून कुंपणालगतचं सगळं तण उपटलं. ती पिवळ्या फुलांची कमरेएवढी झुडपं, जिकडे तिकडे माजलेली. जमीन खरवडून साफ केली, कडेला दगड लावले. छपराखाली एका वाडग्यात मक्याचं आंबूस पाणी पडून होतं, त्याला मुंग्या लागल्या होत्या. ते ओतून दिलं, वाडगा घासून पालथा घातला.

चर्चमधून कपाळाला राख लावून परतलो तर मामा अंगणात. विहिरीच्या कठड्यावर बसलेले, गुडघ्यांवर हात.

"हे कुणी केलं, बाई?"

"मी." मला वाटलं, आता शाबासकी येणार.

"सगळं?"

"मुळापासून."

ते उठून कुंपणापर्यंत जाऊन आले. मग म्हणाले, "त्यांचं जेवण होतं ते."

"कुणाचं?"

त्यांनी हनुवटीने छपराकडे दाखवलं. "आणि ते पाणी मी ठेवलं होतं. मानाचं असतं."

मी एका वाक्यात क्षमा मागितली. मागायला हवी होती. पण कुणी सांगितल्याशिवाय मला कसं कळावं? सुलेमा तोंडावर शाल घेऊन हसत होती. या आठवड्यात ती पहिल्यांदाच हसली.

सोमवार, २६ फेब्रुवारी

काल सुलेमा चर्चला गेली नाही. डोकं दुखतं म्हणाली. फोनपाशी खुर्ची ओढून भरतकाम घेऊन बसली होती, पण टाके पडत नव्हते. नऊ वाजले, बारा वाजले, तीन वाजले. मी समोर बसून शेंगा सोलत होते. एकदा ती म्हणाली, "ताई, फोन बिघडला तर नाही ना?" मी उचलून ऐकला. म्हटलं, "चालू आहे." ते खरंच होतं.

आज सकाळी मामा आले, या वेळी आत आले. ओंडक्यांवर बोटाने टकटक करत, कान लावत एकेक ऐकत गेले. चौथ्याशी थांबले. पुन्हा ऐकलं. बाजूची लाकडी चकती मातीतून सोडवून काढली. आत कुणी नव्हतं. मेणाच्या काळ्या कुप्या तेवढ्या होत्या.

"गेल्या," ते म्हणाले.

"मी तण काढलं म्हणून?"

"भुकेने मरतात, बाई. मेलेल्या दिसल्या असत्या. या गेल्यात." हात पुसत म्हणाले, "भांडणाच्या घरात या राहत नाहीत."

"मामा, या घरात कुणी भांडत नाही. शेजाऱ्यांना विचारा!"

"मला माहीत आहे. मी फाटकाशी उभा राहून ऐकतो ना."

"काय ऐकता?"

"काही ऐकू येत नाही, बाई. दोन बाया जेवायला बसलेल्या, आणि चमच्याचा आवाज."

मी म्हटलं, आमच्याकडे जेवताना बोलायची पद्धत नाही. त्यांनी मान डोलवली. पटलं म्हणून की नाही, कळलं नाही.

शनिवार, २ मार्च

मिर्नाबाईंचा फोन. आवाज नेहमीचा नव्हता. ते ओंडके त्यांच्या पणजीपासूनचे आहेत, आजवर एक रिकामा झाला नव्हता. "आणखी एक गेला तर मला माफ करा, प्रोफेसर, पण एकतीसला घर मोकळं करून द्या."

मी सुलेमाला सांगितलं. ती म्हणाली, "मग मी मोतुलला जाईन, चुलतबहिणीकडे. तुझी सोय होईल कुठेतरी."

तुझी सोय. म्हणजे आमची नव्हे. हे वाक्य तिने चायाची भाजी चिरता चिरता म्हटलं, सुरीसुद्धा थांबली नाही.

मी अंधश्रद्धा मानत नाही. महाविद्यालयात माझा विषय रसायन होता. कारणं चार असू शकतात: मुंग्या, ऊन, उपासमार, रोग. मुंग्या चढू नयेत म्हणून खांबांभोवती राखेची कडी केली. तिसऱ्या घरच्या शेजाऱ्याकडून तीच पिवळी झुडपं मुळांसकट आणून पुन्हा लावली, तो म्हणाला, "बाई, हे तण आहे." म्हटलं, "ठाऊक आहे." पाचवं कारण मामांचं. ते मला पटत नाही, पण तपासणीत सगळी कारणं धरावी लागतात. उद्यापासून रोज साडेदहा ते अकरा आम्ही दोघी छपराखाली बसून आनंदाने गप्पा मारणार आहोत.

शुक्रवार, ८ मार्च

गप्पांचा सहावा दिवस.

"आज हवा छान आहे," मी म्हटलं.

"हो, ताई."

"कालच्यापेक्षा बरी."

"हो."

"मोकळ्या आवाजात बोल. पुटपुटू नकोस."

"काय बोलू?"

"तुला हवं ते."

सुलेमा ओंडक्याच्या छोट्या भोकाकडे बघत राहिली. तिथे एक माशी पहारा देत बसलेली असते. मग म्हणाली, "त्यांनी फोन करीन म्हणून सांगितलं होतं, ताई. मला ते खोटं बोलणारे वाटले नव्हते."

मी म्हटलं, "हवेबद्दल बोल."

ती हसायला लागली, मग ते हसणं राहिलं नाही. मी पाणी आणायला उठले तर फाटकाशी मामा. आमच्याकडे बघत होते. मी हात केला, तसे वळले आणि चालू लागले! मी गुडघे विसरून मागे धावले. कोपऱ्यावर तोर्तियांचा मका दळतात त्या गिरणीपाशी गाठलं.

"मामा, हे काय? आम्ही छान बोलत होतो!"

"हो, बाई."

"मग परत का?"

"त्यांना नाटक कळतं."

"बरं. मग तुम्ही आधी कळवून का येत नाही? एवढं तरी सांगा."

"कळवलं की घर नटून बसतं. नटलेलं घर बघायला मी कशाला चालू एवढं?"

गिरणीतल्या बायका ऐकत होत्या. मी म्हटलं, नेमकं काय चुकतं आहे ते मला लिहून द्या. ते म्हणाले, "मला लिहिता येत नाही. आणि चुकलेलं मला माहीत नाही, बाई. मी माळी आहे. घरात काय ते घरातल्यांना माहीत."

हे उत्तर होत नाही. 

गुरुवार, १४ मार्च

सातव्या ओंडक्याची ये-जा मोजली. सकाळी आठला, दहा मिनिटांत: सोमवारी ६३, काल ४१, आज २२. बाकीचे सात जसेच्या तसे. राखेची कडी अभंग आहेत, झुडपं जगली आहेत, सावली आहे, रोगाने मेलेली एकही माशी दिसलेली नाही. चारही कारणं खोडली गेली.

सुलेमाने मोतुलला पत्र टाकलं. पाकीट माझ्यासमोर चिकटवलं, काही लपवलं नाही. ती कधीच काही लपवत नाही.

शनिवार, १६ मार्च

दुपारी फोन वाजला. विल्बर्थ आल्कोसेर. आधी त्यांनी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मग म्हणाले, "प्रोफेसर, माझा निरोप पोचला होता ना? आम्ही बापलेक नऊपासून तीनपर्यंत थांबलो होतो. त्यांना यायचं नसेल तर हरकत नाही. फक्त तसं कळलं तर मी पुन्हा त्रास देणार नाही."

मी म्हटलं, "सुलेमा घरी नाही."

सुलेमा विहिरीवर होती. खिडकीतून मला दिसत होती. पोहरा ओढत होती.

हे इथे लिहिते, कारण ही वही खोटं लिहिण्यासाठी काढलेली नाही. पण लिहिल्यावर पुढे काय करायचं, ते समजत नाही. शाळेत अशा नोंदीखाली मी शेरा लिहीत असे. आज सुचला नाही.

सोमवार, १८ मार्च

सातवा ओंडका: ९.

सुलेमाने आपल्या झग्यांची पेटी खाटेखालून बाहेर काढली आहे.   माझं डोकं ठिकाणावर नाही. घेवडा करपला.

मंगळवार, १९ मार्च

घडलं तसं लिहिते.

सकाळी नऊ वाजता मी सुलेमाला स्वयंपाकघरात बसवलं आणि सांगितलं. सोळा फेब्रुवारीचा निरोप, पंचवीसचा रविवार, सोळा मार्चचा फोन. क्रमवार.

तिने टेबलावरची वाटी हातात घेतली. मग म्हणाली, "एक महिना, ताई?"

"बत्तीस दिवस."

आकडा सांगायला नको होता. तिने हातातली वाटी भिंतीवर फेकली. सुलेमाने! पन्नास वर्षांत तिने पेला आपटलेला मला आठवत नाही.

"मी त्या फोनपाशी बसले होते! तू समोर शेंगा सोलत होतीस! मी विचारलं, बिघडला का, आणि तू उचलून ऐकलास!"

"तुझ्या भल्याचा विचार केला."

"माझ्या भल्याचा? आईचं मी नऊ वर्षं केलं. तू दर नाताळला यायचीस, घर तपासायचीस, शेरा मारायचीस आणि जायचीस! चादरी नीट नाहीत, औषधाची वही नीट नाही! एकदा तरी म्हणालीस, सुले, बस, आज मी करते?"

"मी पैसे पाठवत होते! नोकरी सोडून आले असते तर खाल्लं काय असतं?"

"मला पैसे नको होते, मला तू हवी होतीस! आणि आता आलीस ती माझ्यावर पहारा द्यायला!"

"पहारा? तो माणूस आठ-आठ वाजेपर्यंत बसणार, त्याची मुलगी येणार, मग तू तिसिमीनला जाणार, ठरलेलंच आहे सगळं! गेलीस म्हणजे मी कुणाबरोबर जेवू?"

हे मी ओरडून म्हटलं. रस्त्यावर ऐकू गेलं असणार. वाक्य माझंच होतं, पण मी ते ठरवलेलं नव्हतं.

 मग तीही ओरडली, "मग ते बोलायचं ना! निरोप कशाला दाबायचा, बये!"

एवढ्यात माझं लक्ष गेलं. फाटकाशी मामा. हातात लाकडी पेटी, हॅट डोक्यावर. किती वेळ उभे होते, देव जाणे. मला वाटलं, संपलं. घर गेलं. एकतीस तारखेला पेट्या रस्त्यावर.

त्यांनी फाटक उघडलं, आत आले, हॅट काढून लिंबाच्या फांदीला अडकवली आणि आमच्या समोरून मागच्या अंगणाकडे चालू लागले.

"मामा," मी म्हटलं, "आम्ही भांडतो आहोत!"

"ऐकू येतंय, बाई."

"मग?"

"मग काय? चालू द्या तुमचं. मला दोन तास लागतील."

आणि ते छपराखाली जाऊन सातव्या ओंडक्याची माती खरवडू लागले.

मी सुलेमाकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. तिने वाटीचे तुकडे गोळा केले. मग बैठकीत जाऊन तिसिमीनचा नंबर फिरवला. दार लावलं नाही. मी अंगणात जाऊन उभी राहिले, कारण ऐकणं बरोबर नव्हतं.

गुरुवार, २१ मार्च

सातवा ओंडका: १७. काल १२. मामा म्हणतात, आठव्यातली थोडी पिल्लं काढून त्यात घातली आहेत, बघू. म्हणजे वाढ त्यांच्या कामामुळे झाली की भांडणामुळे, हे सिद्ध करता येत नाही. मी त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "नाही येत, बाई."

मिर्नाबाईंचा फोन: करार एक वर्षाचा करते. मी विचारलं, नसारिओमामा नेमकं काय म्हणाले? "म्हणाला, घर ठीक आहे."

"कशावरून?"

"ते मी कधी विचारत नाही. कागद शनिवारच्या बसने पाठवते. दोघींच्या नावाने ना?"

मी म्हटलं, नावं आम्ही इथे घालू, जागा कोरी ठेवा.

सुलेमा माझ्याशी बोलते आहे. गोड नाही बोलत. सूप खारट झालं तर खारट झालं म्हणते. जेवताना म्हणते.

शनिवार, २३ मार्च

सकाळी दहाच्या बसने सुलेमा तिसिमीनला गेली. निळा झगा, आईची कानातली. पेटी नेली नाही, पण लहान पिशवी नेली. पिशवीत काय आहे ते मी पाहिलं नाही.

बसचं इंजिन सुरू झाल्यावर मी खिडकीपाशी जाऊन विचारलं, "करारावर तुझं नाव घालू का?"

"तुला काय वाटतं?" ती म्हणाली.

"मला वाटतं, घालावं."

"मग घाल. सही मी आल्यावर करीन." कधी येणार, ते ती म्हणाली नाही आणि मी विचारायच्या आत बस वळली.

त्याच बसने आलेला करार टेबलावर आहे. दोन्ही नावं लिहिली, शाईने. माझ्या नावापुढे सही झाली. दुसरी जागा रिकामी आहे. परतीच्या बसेस तिकीट खिडकीवर विचारून घेतल्या: चार, सहा आणि साडेसात.

आत्ता साडेपाच झाले आहेत. चारच्या बसमध्ये ती नव्हती. सहाच्या बसला पुन्हा स्टँडवर जाते.